गाडीखालचा पेपर

३ फेब्रु., मंगळवार

अण्णाचा अकरावा कागद. संध्याकाळी गाडीखाली हिंदी पेपरचं पान अंथरायचं, सकाळी चष्मा पुसून त्यावरचे थेंब बघायचे, कोपऱ्यात तारीख टाकायची आणि फडताळातल्या फायलीत लावायचं. थोरला भाऊ चाळीस वर्षं कोर्टात पेशकार होता, न्यायाधीशापुढे कागद ठेवणारा. पुराव्याशिवाय त्याला सर्दीसुद्धा होत नाही.

आजचा डाग पुरीएवढा. तांबूस.

"बेबी, हे इंजिनाचं नाही. गिअरचं तेल आहे."

मला सांगतोय! चौतीस वर्षं कारखान्यात ट्रान्सफॉर्मरच्या टाक्यांची गळती तपासून पगार घेतला मी.

गेल्या गुरुवारचं लिहायचं राहिलंय. मुद्दामच. दर गुरुवारसारखं बबीनाला कारखान्यातल्या मैत्रिणीकडे, कमलाकडे, जेवून परत येताना पुलाच्या ऐन चढावर गाडी थांबली. गिअर डीमध्ये, इंजिन बोंबलतंय, गाडी जागची हलत नाही. तेल कमी झालं की ऑटोमॅटिक अशीच रुसते. मागे ट्रक, टेम्पो, शिव्या. काच वर करून बसून राहिले. उतरून जाणार कुठे? डाव्या पायाला लहानपणापासून लोखंडी कॅलिपर आणि पुलाला फुटपाथ नाही. तासाभराने अण्णा ई-रिक्षातून आला, चार माणसं गोळा करून गाडी ढकलली.  रात्री जेवताना म्हणाला, गाडी विकू या. गरौठ्याच्या तिवारींना सुनेसाठी ऑटोमॅटिकच हवी आहे, २२ तारखेला, रविवारी अकरा वाजता बघायला येतील.

म्हणजे आधी फोन करून झाला, मग मला सांगितलं.

आणि करू शकतो तो. घेतली तेव्हा माझं लायसन व्हायचं होतं म्हणून कागद त्याच्या नावावर, ते बदलायचं राहूनच गेलं.

"आता पुरे गं. एकसष्ट पूर्ण झाली तुला. जायचं असेल तिथे मी नेईन ना."

नेईन. हा शब्द ऐकतच मोठी झाले. शाळेत नेलं, पॉलिटेक्निकला नेलं, कारखान्याच्या बसपर्यंत नेलं. पंचेचाळिसाव्या वर्षी गाडी आली आणि पहिल्यांदा मी 'गेले'. सीपरी बाजारात गेले. कोथिंबीर आणायला.

गाडी विकू देणार नाही. लिहून ठेवते.

४ फेब्रु., बुधवार

गाडीत लीटरभर तेल ओतून हळूहळू रामसेवकच्या गॅरेजवर. ब्रेक, बॅटरी, सगळं तोच करतो. बॉनेट उघडलं, बंद केलं, हात पुसले.

"काए जिज्जी, जा तो ऑटोमेटिक है। ईमें हम हाथ नईं डारत। ग्वालियर ले जाओ।"

ग्वाल्हेरला नेली की ते अख्खा गिअरबॉक्स उतरवणार आणि पंधरा दिवस फिरवणार. म्हटलं, हात नको घालूस, नुसतं खालून बघ. पाठीवर सरकत गेला, बॅटरी मारली. गिअरबॉक्सच्या तळाला पत्र्याचं पॅन असतं, तेल त्यात साठतं. पॅन आणि वरच्या अंगाच्या मधलं गास्केट, तेल अडवणारी पट्टी, गेलं असावं म्हणतो. असावं! बाहेरून सिलिकॉन फासून देऊ का म्हणाला.

"काही फासायचं नाही. मी करते."

"कौन, आप?"

एवढा हसला की शेजारच्या पंक्चरवाल्यानेही मान वर करून बघितलं. हसू दे. येताना त्याच्याकडूनच दहा नंबरचा पाना मागून आणला.

५ फेब्रु., गुरुवार

आज बबीनाला गेले नाही. गुरुवार चुकला. कमलाला फोनवर सांगितलं तर म्हणते, "वत्सला, बस से आ जा।" बसची पायरी तिने बघितलेली नाही.

गळती शोधायची आमची कारखान्याची रीत केली. खालचं सगळं रॉकेलने धुवून कोरडं केलं. खडूची पूड पाण्यात कालवून ब्रशने पॅनच्या चारी बाजूंना लावली, सुकू दिली. सिव्हिल लाइन्सला एक चक्कर. परत येऊन आरशाने बघितलं. पांढऱ्यावर लाल रेघ, मागच्या अंगाला, बरोबर पॅनच्या सांध्यावर. वरचं सगळं कोरडं. म्हणजे सील ठीक, बॉक्स ठीक, फक्त गास्केट.

एवढा आनंद मला पेन्शनच्या कागदांनीही झाला नव्हता.

अण्णाला दाखवलं. "हं," म्हणाला. मग, "म्हणजे गळतंय हे तुलाही मान्य."

पेशकार!

७ फेब्रु., शनिवार

पॅन काढलं.

रेल्वेचे दोन जुने लाकडी स्लीपर अंगणात पडलेले होते, त्यांच्यावर पुढची चाकं चढवली. हँडब्रेक, मागे विटा. गोधडी अंथरली. कॅलिपर काढून भिंतीला टेकवला आणि सरकत आत. कॅलिपर काढताना अण्णाने नेहमीसारखं तोंड पलीकडे केलं. पन्नास वर्षं करतोय.

बोल्ट एकोणीस. दहाचा पाना, जागा वीतभर. बाराव्या बोल्टापर्यंत हाताला मुंग्या. पॅन एका बाजूने सुटलं आणि तेल परातीत कमी, माझ्या बाहीवर जास्त. अण्णा खुर्चीवरून, "लागलं का गं?" नाही लागलं. "कळा येतायत का?" येतायत. "मग?" मग काय. परात सरकव.

सरकवली. धोतराला तेल लागलं, त्यावरून अर्धा तास.

पॅनच्या तळाला लोहचुंबक, त्यावर सुरम्यासारखा काळा लेप. लोखंडाचा कीस नाही, फक्त लेप. म्हणजे आतले दात शाबूत आहेत, गाडी अजून जगणार. जुनं गास्केट बिस्किटासारखं तुटत होतं. ते खरवडण्यात दुपार गेली.

८ फेब्रु., रविवार

बाजारात या गाडीचं गास्केट मिळत नाही. न मिळू दे. सीपरीतून कॉर्कची शीट आणली होती. पॅनचा काठ शीटवर दाबून धरायचा आणि काठाकाठाने हातोडी हलकेच मारत जायचं, शीट आपोआप कापली जाते. भोकांसाठी हातोडीची गोल बाजू. ठक ठक ठक, सकाळी नऊपासून. समोरच्या मिश्राइन भिंतीवरून, "दीदी, क्या गुझिया का साँचा बना रही हैं?" होळीच्या करंज्यांना अजून वेळ आहे म्हटलं.

शीट दोन गास्केटांपुरती होती. सवयीने दोन्ही कापली. एक लावायचं, एक शिलकीत.

दुपारी बसवलं. समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने आवळले, टाकीला आवळतो तसे. कॉर्क एक तृतीयांश दबेपर्यंत. शेवटचा बोल्ट आवळून झाला तरी अजून पाव फेरा दिला. आमच्याकडे ढिला बोल्ट म्हणजे गुन्हा.

९ फेब्रु., सोमवार

नरसाळ्याने नवीन तेल भरलं. लालभडक, डाळिंबाच्या रसासारखं. इंजिन चालू, ब्रेकवर पाय, एकेक गिअर लावून पुन्हा पार्कमध्ये. गरम झाल्यावर कांडीने पातळी बघितली. बरोबर खुणेवर. रिव्हर्समध्ये मऊ लागली, डीमध्ये मऊ लागली. अंगणातल्या अंगणात तीन वेळा पुढेमागे केली, उगीचच.

संध्याकाळी अण्णाला मीच म्हटलं, अंथर तुझा पेपर.

१० फेब्रु., मंगळवार

ताटलीएवढं थारोळं. आधी कधी नव्हतं एवढं.

 पान भिजून फाटत होतं म्हणून अण्णाने ते फायलीत लावलं नाही. चहा आणून दिला. बोलला असता तर भांडले तरी असते.

११ फेब्रु., बुधवार

दिवसभर सगळ्यांवर राग. कॉर्कवाल्यावर. रामसेवकच्या पान्यावर. गाडी बनवणाऱ्यावर. कमलावरसुद्धा, तिने फोनवर "जाने दे अब" म्हटलं म्हणून. जाने दे! हिनेच कारखान्याच्या स्टोअरमध्ये असताना एका नट-बोल्टाच्या चुकीच्या पावतीवरून साहेबाला तीन दिवस रडवलं होतं.

चार वाजता पुन्हा खाली गेले. पुन्हा एकोणीस बोल्ट, पुन्हा परात. पॅनच्या काठावर स्टीलची पट्टी उभी धरली. पट्टीखालून उजेड. प्रत्येक बोल्टाच्या भोकाशी काठ वर उचललेला, दोन बोल्टांच्या मध्ये दबलेला. लाटा. कॉर्क तिथून बाहेर आलाय.

कॉर्कवाल्याने नाही केलं. रामसेवकने नाही केलं. मी केलं.

टाकीचा काठ बोटभर जाड पोलादाचा असतो, त्याला कितीही आवळा. हे पॅन म्हणजे पत्र्याच्या डब्याचं झाकण. चौतीस वर्षांच्या हाताने त्याला टाकी समजून आवळलं. दुसऱ्यांच्या असल्या कामावर मी लाल चिठ्ठी लावून परत पाठवायची, आणि कारणही स्वच्छ अक्षरात लिहायची. तर लिहिते. कारण: तपासनीसाचा हात जड. सही, व. ग. पु.

म्हणून विकायची? मुळीच नाही.

१३ फेब्रु., शुक्रवार

पॅन लाकडाच्या ठोकळ्यावर पालथं घालून काठ हातोडीने सपाट करतेय. जास्त मारलं की उलटीकडे वाकतो. सकाळचे तीन तास. अण्णा पेपर वाचत होता. पाचव्या वेळी मी पट्टी लावून "च्" केलं तेव्हा उठला, आत गेला. वाटलं कंटाळला. आला तो जेवणाच्या टेबलावरची काच घेऊन!

"यावर ठेव. काच खोटं बोलत नाही."

काचेवर पॅन ठेवलं. त्याने रामनवमीच्या पावतीबुकातलं एक पातळ पान घेतलं आणि काठाखालून फिरवायला लागला. जिथे कागद आत जाईल तिथे पेन्सिलीची खूण. "इथे उंच. इथे अजून उंच. बेबी, हळू, इथे आता बरोबर आहे." एवढं चष्मा लावून तो फक्त नातवाचा रिझल्ट बघतो. दुपारी दोनला कागद कुठूनच आत जाईना.

म्हटलं, बघ, मदत केलीस.

"मदत नाही. मोजमाप बरोबर हवं, एवढंच. तिवारी येणारच आहेत."

बरं.

१४ फेब्रु., शनिवार

शिलकीचं गास्केट काढलं आणि रामसेवक आपणहून आला, पाना परत मागायला म्हणे. पाना मागायला माणूस दुकान बंद करून येत नाही. पहिल्यांदा काय झालं ते सांगितलं. मला वाटलं हसेल. डोकं खाजवून म्हणाला, "हमसें भी हो जात, जिज्जी। टीन है, टीन। इत्तो बल को झेलहै?"

पत्रा एवढा जोर सोसणार कुठून! मग त्याने युक्ती दाखवली. पाना शेवटाला धरायचा नाही, डोक्याशी धरायचा, दोन बोटं आणि अंगठा. तिथून जेवढा जोर लागेल तेवढाच जोर. मी आवळत गेले, तो बाजूला लोळून बघत गेला. ऑटोमॅटिकचं पॅन आतून कसं असतं ते त्याने पहिल्यांदाच बघितलं. चुंबक हातात घेऊन दोनदा विचारलं की हे खरंच कंपनीनेच ठेवलेलं असतं का.

एकोणिसाव्या बोल्टाला माझा हात पुन्हा शेवटाकडे सरकला. "जिज्जी!" म्हणून ओरडला. सोडला.

१५ फेब्रु., रविवार

शिवरात्र. साबुदाण्याची खिचडी, रताळी. काल संध्याकाळी पुन्हा तेल भरलं; रात्रभर अंथरलेला पेपर कोरडा.

१६ फेब्रु., सोमवार

कोरडा. अण्णाने पान चार वेळा उलटं केलं.

"उभ्या गाडीचा पुरावा चालत नाही," म्हणतो. "पळवून, गरम करून दाखव."

अट ठरली. गुरुवारी बबीना. जाऊन येऊन. त्यानंतरही रविवारी सकाळी पेपर कोरडा निघाला तर तिवारींना तोच परत पाठवेल. डाग निघाला तर किल्ली मी देईन, तोंडातून शब्द न काढता. त्याने हात पुढे केला, कोर्टात साक्षीदाराला शपथ देतात तसा चेहरा करून. दिला हात.

१९ फेब्रु., गुरुवार

अण्णा शेजारी. मांडीवर गुंडाळलेला पेपर. निघताना म्हणतो, "सावकाश." मी सावकाशच चालवते, चाळीसच्या वर गेलेली नाही सोळा वर्षांत.

पुलाच्या चढावर त्याने वरचं हँडल धरलं. गाडी चढली. एक धक्का नाही. मी मुद्दाम त्याच्याकडे बघितलं नाही.

कमलाच्या दारात गाडी थांबते ना थांबते तोच हा वाकून पेपर अंथरतोय. कमला पायरीवर उभी.

"भैया जी, मिलने आए हैं कि अख़बार बिछाने?"

"दोनों," म्हणाला. तिला आता नीट दिसत नाही. ताटात भाजी कुठे ते बोटाने चाचपते, पण विषय दुसराच काढते. गेले दोन गुरुवार मी नव्हते तर कुणी तिला पेपर वाचून दाखवला नाही. आज तीन आठवड्यांचा एकदम वाचून घेतला, लग्नाच्या जाहिरातींसकट. जेवून निघताना गाडीखालचं पान कोरडं. अण्णाने घडी घातली, खिशात ठेवली.

परतताना पुलाच्या पलीकडे, काहीच कारण नसताना, बोलायला लागला.

"त्या दिवशी तू आत बसलेली. काच बंद. मी बाहेरून बघतोय. मागून ट्रक येतायत."

"मग?"

"लहानपणी उचलून घ्यायचो तुला. सायकलवर बसवायचो, उतरवायचो. त्या दिवशी दार उघडलं असतं तरी मला उचलता आलं नसतं, बेबी. एकाहत्तर झाली मला. पुन्हा असं झालं तर मी काय करू?"

असं आहे होय. मला वाटत होतं त्याला मला घरात बसवायचं आहे.  म्हटलं, उचलायचं नाही. तेल आणायचं, एक लीटर, लाल. डिकीत एक डबा ठेवलाय, नरसाळ्यासकट.

त्याने खिशातलं पान काढून पुन्हा नीट घडी घातली. मग म्हणाला, "नरसाळं स्वच्छ ठेव."

२१ फेब्रु., शनिवार

काल कोरडा. आज सकाळी कोरडा. शेवटचा कागद आज संध्याकाळी. अण्णाने आजच्या पेपरचं मधलं पान घेतलं, ज्यावर गहू-मटाराचे भाव असतात. त्यावर डाग लगेच दिसतो म्हणे. चारी कोपऱ्यांवर खडे ठेवले. मी ओसरीवरून बघत होते.

भीती वाटतेय. लिहायला काय हरकत आहे. वाटतेय.

२२ फेब्रु., रविवार

सकाळी साडेसहाला गेले. गाडीखालचा पेपर कोरडा, पांढराशुभ्र.

टाळी वाजवणार होते. मग नीट बघितलं. त्यावर गहू-मटाराचे भाव नव्हते. रविवारची पुरवणी होती. आजचा पेपर, आत्ताच आलेला, घडीच्या रेघा अजून ताज्या. कालचं पान नाही. खडे तेच, चारी कोपऱ्यांवर, पण घाईत ठेवलेले.

रविवारचा पेपर अण्णा वाचायच्या आधी घरात कुणी हात लावलेला त्याला चालत नाही. वहिनी होत्या तेव्हा त्यांनाही नाही.

फडताळातली फाईल बघितली. रद्दी बघितली. कालचं पान कुठेच नाही. अण्णा देवघरात घंटी वाजवत होता, नेहमीपेक्षा जोरात.

चाळीस वर्षं कोर्टात. कुणाच्या कागदाला हात लावला नाही याचा अभिमान आहे त्याला. आणि आज.

आधी राग आला. मला कुणाची मेहेरबानी नको. पेपर कोरडा हवा होता, कोरडा केलेला नको होता. मग राग टिकला नाही, काय करू? तिथेच स्लीपरवर बसले आणि डोळे पुसले. कदाचित पहाटे दवाने भिजला म्हणून बदलला असेल. कदाचित मांजराने फाडला असेल. असेलही.

अकराला तिवारी आले, सुनेला घेऊन. मी आत होते. फाटकाशी अण्णाचा आवाज, कोर्टातला: "माफ़ कीजिएगा, आपको कष्ट हुआ। गाड़ी बिकाऊ नहीं है। मेरी बहन की है।"

मेरी बहन की. सोळा वर्षांत हे तो पहिल्यांदा म्हणाला. तिवारी काहीतरी म्हणाले, सून हिरमुसली असेल बिचारी. अण्णा म्हणाला, चाय पीके जाइए. चहा मीच केला. जाताना सुनेला सांगितलं, घ्याल ती गाडी खालून बघून घ्या.

जेवताना अण्णा पुरवणी वाचत होता. मधल्या घडीवर अंगणातली माती.   "उद्या नाव बदलायचा फॉर्म आणतो," एवढंच म्हणाला आणि कढी मागून घेतली.

दुपारी पॅन पुसून कोरडं केलं, थेंब आहे की नाही ते न बघता, फडकं चाचपडत फिरवलं. खडू कालवला आणि चारी बाजूंना लावला. पेपर अंथरू दिला नाही आज. चुकार थेंब असेल तर खडू सांगेल, खडूला भाऊ नाही.

उद्या सकाळी मीच वाकून बघणार. गळत असेल तर पुन्हा काढीन. बोल्ट एकोणीसच आहेत.